९२४ शेरे आणि एक छत्री

पहिल्या खेपेला मी ४२ निबंधांवर ९२४ शेरे लिहिले. हा आकडा तेव्हा मोजला नव्हता. पुढे कधीतरी, स्वतःवरच चिडून, एका रविवारी बसून मोजला. तेव्हा एवढंच कळत होतं की मान आखडली आहे, डोळे चुरचुरताहेत, आणि तरीही आपण काहीतरी भारी केलंय असं वाटतंय. एका निबंधाला १२ मिनिटं धरली तरी ४२ निबंधांचे ८ तास २४ मिनिटं होतात. चार रात्री गेल्या. वह्या तपासताना मी एवढं कधीच लिहिलं नव्हतं, कारण वहीला समासच दोन बोटांचा असतो. पडद्यावरच्या समासाला तळ नाही. लिहीत जाल तसा तो खाली सरकत जातो.

मी मराठी शिकवते. निबंध, पत्रं, सारांश असं सगळं लेखन मुलं गुगल क्लासरूमवर जमा करतात आणि मी ते तिथल्या तिथे तपासते. हे सुरू झालं तेव्हा मला वाटलं होतं की वहीचं ओझं गेलं, बाकी काम तेच. लाल पेनाऐवजी कीबोर्ड, बस.

तपासण्याआधी जमवण्याचं प्रकरण असतं, ते थोडक्यात सांगून टाकते. सुरुवातीला मी 'निबंध लिहून जमा करा' एवढीच सूचना टाकली. जे आलं ते असं: अकरा जणांच्या फाइलचं नाव 'अनटायटल्ड डॉक्युमेंट'. तिघांनी लिंक दिली, पण ती उघडायची परवानगी दिली नाही, त्यामुळे मी आपली 'परवानगी मागा'चं बटण दाबून उंबऱ्याबाहेर उभी. काहींनी वहीच्या पानाचे आडवे फोटो पाठवले, त्यात एकाच्या पानावर त्याच्याच डोक्याची सावली. एका फाइलचं नाव 'निबंध फायनल खरा फायनल'. एकीला वडिलांनी ऑफिसमधल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून दिला होता. तो माझ्याकडे उघडला तेव्हा इंग्रजी अक्षरं आणि कंसांची नुसती गिचमिड. पुढच्या वेळी मी स्वतःच एक कोरं डॉक्युमेंट जोडलं आणि 'प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक प्रत' हा पर्याय निवडला. मग प्रत्येकाला आपल्या नावाची फाइल आपोआप मिळते, परवानगीचा घोळ राहत नाही, आणि मूल लिहीत असतानाही मला ती फाइल उघडून बघता येते. हा पर्याय गृहपाठ पाठवण्याआधीच निवडावा लागतो, नंतर बदलता येत नाही. हे मला कसं कळलं ते विचारू नका.

तर, ते ९२४ शेरे. त्यातले निम्म्याहून जास्त शेरे म्हणजे खरं तर दुरुस्त्या होत्या. गुगल डॉक्समध्ये उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीच्या चिन्हाखाली 'सजेस्टिंग' नावाचा प्रकार आहे. तो चालू केला की तुम्ही खोडलेलं पुसलं जात नाही, त्यावर आडवी रेघ येते. तुम्ही लिहिलेलं रंगीत दिसतं आणि शेजारी एक चौकट येते, तिच्यात बरोबरची खूण आणि फुली. मुलाने बरोबरची खूण दाबली की तुमची दुरुस्ती त्याच्या मजकुरात बसते. मला हे फारच आवडलं. 'कि' दिसला, 'की' केला. वाक्य लांबलंय, तोडलं. 'मला खूप आनंद झाला' तीनदा आलंय, दोन उडवले. हात शिवशिवत होते आणि अडवणारं कुणी नव्हतं.

एका मुलाच्या निबंधात मी अशा ३१ दुरुस्त्या केल्या होत्या. परत केल्यावर दुसऱ्या दिवशी उघडून पाहिलं तर निबंध चकचकीत. एकही रेघ नाही, एकही चौकट नाही. मला वाटलं, पोराने मनावर घेतलंय. मग 'व्हर्जन हिस्टरी' उघडली, म्हणजे फाइलमध्ये कुठला बदल कधी झाला त्याची नोंद. ३१ च्या ३१ दुरुस्त्या एकाच मिनिटात स्वीकारल्या होत्या. 'सगळं स्वीकारा' असं एक बटण असतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्याला माहीत होतं.

त्याच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. मी उत्तरं लिहून दिली होती आणि त्याने ती उतरवून घेतली होती. महिन्याभराने पुढचा निबंध आला, त्यात 'कि' होताच, आणि 'मला खूप आनंद झाला' या वेळी चारदा.

दुसरा धक्का फोनने दिला. एका तासाला मी मुलांना फोन आणायची परवानगी घेऊन ठेवली होती. म्हटलं, आपापला तपासलेला निबंध उघडा, मी काय लिहिलंय ते वाचा, मग बोलू. वर्गात फिरताना एकाच्या बाकापाशी थांबले. त्याने फाइल उघडली आणि अंगठ्याने भराभर खाली सरकवत शेवटापर्यंत गेला.

"वाचलंस?"

"हो मॅडम."

"काय लिहिलंय मी?"

तो पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्हाला बरंच आवडलंय."

मला कळेना. मी वाकून बघितलं. फोनवर समास नव्हताच. माझ्या लॅपटॉपवर उजव्या बाजूला ओळीने उभे असलेले शेरे तिथे कुठेच नव्हते. नुसता मजकूर होता आणि त्यावर ठिकठिकाणी पिवळे पट्टे. पट्ट्यावर बोट टेकवलं तरच खालून एक कार्ड वर सरकतं, अर्धा पडदा झाकतं, आणि त्यात एक शेरा दिसतो. पुढच्या शेऱ्यासाठी पुन्हा बोट. पुस्तकात महत्त्वाचं वाक्य दिसलं की मुलं पिवळ्या हायलायटरने रंगवतात. त्याने तोच अर्थ लावला होता. मॅडमनी एवढी वाक्यं पिवळी केलीत म्हणजे ती मॅडमना आवडलीत! आणि त्या सगळ्या वाक्यांत काही ना काही चुकलेलं होतं.

मी वर्गाला विचारलं, कितीजण निबंध फोनवरच बघतात? जवळजवळ सगळे हात वर. बोट टेकवून शेरा उघडता येतो हे किती जणांना ठाऊक होतं? नऊ की दहा हात. तेही जरा दबकतच.

त्या रात्री मी माझ्याच फोनवर माझेच शेरे वाचायला बसले. बाविसाव्या शेऱ्यापर्यंत पोहोचायला लागणारा धीर माझ्यात नव्हता. आणि वाचताना दुसरीच गोष्ट टोचायला लागली. 'हे असं का?' 'पुन्हा बघ.' 'कशावरून?' वर्गात हीच वाक्यं मी हसत, खांद्यावर हात ठेवून म्हणते. इथे माझा चेहरा नव्हता, आवाज नव्हता, तीन शब्द आणि एक प्रश्नचिन्ह. एका मुलीने 'कशावरून?' खाली उत्तर लिहिलेलं होतं, जे मी आठवडाभर बघितलंच नव्हतं: 'मॅडम, तुम्ही रागावलात का?'

तेव्हापासून दोन सवयी लावून घेतल्या. पहिली, शेरे परत करण्याआधी एक तरी निबंध फोनवर उघडून बघायचा. दुसरी, एका निबंधावर तीनच शेरे. चौथा सुचला तर आधीच्या तिनांतला एक काढायचा. ऐकायला हे सोपं वाटतं, पण पहिले काही आठवडे मला अक्षरशः हातावर बसावं लागलं. समोर 'दूर्दैव' दिसतंय आणि आपण काही करायचं नाही, हे मराठीच्या शिक्षकाला सोसत नाही. तीनच शेरे लिहायचे म्हटल्यावर आधी सगळा निबंध वाचावा लागतो, हेही लक्षात आलं. त्याआधी मी वाचतच नव्हते. पहिल्या ओळीपासून दुरुस्त करत सुटायचे, आणि शेवटाला पोहोचेपर्यंत निबंध कशाबद्दल होता हे मलाही सांगता आलं नसतं.

शेऱ्यांचं रूपही बदलावं लागलं. 'छान' हा शेरा मी बंद केला. त्याऐवजी 'आजीच्या हातातली पिशवी जड असल्याचं तू सांगितलं नाहीस, तिने ती दोनदा हात बदलून धरली एवढंच लिहिलंस, आणि मला ती जड वाटली' असं लिहायला लागले. याला वेळ लागतो. पण त्या मुलाने पुढच्या निबंधात तसं काहीतरी करून बघितलं. 'हुशार आहेस' याने तसं कधी घडलं नव्हतं. पुढे वाचनात आलं की १९९६ साली क्लूगर आणि डिनिसी या दोन संशोधकांनी अभिप्रायावरचे जुने अभ्यास एकत्र करून तपासले, तेव्हा एक तृतीयांशाहून अधिक वेळा अभिप्रायानंतर काम सुधारायच्या ऐवजी खालावलेलं दिसलं. अभिप्रायाने लक्ष कामावरून उठून माणसाच्या स्वतःवर गेलं, की त्याचा उपयोग कमी होतो, असं त्यांचं म्हणणं. एक तृतीयांश! मी ९२४ ला तीनाने भागून बघितलं आणि लॅपटॉप मिटला.

मधल्या काळात एक आडवाट झाली. तपासण्याच्या पडद्यावर 'कमेंट बँक' नावाची सोय आहे. नेहमीचे शेरे एकदा लिहून ठेवायचे, मग हवा तिथे टाकायचा. मला वाटलं सुटले! दोन दिवस बसून मी साठेक शेरे भरले. 'इथे एखादं उदाहरण दिलंस तर मुद्दा पटेल.' 'विषयाला धरून लिही.' 'शेवट घाईत उरकला आहे.' सगळे कसे नीट, सौम्य शब्दांत. तीन आठवडे काम झपाट्याने झालं. मग एक दिवस मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणी दोन फोन शेजारी शेजारी धरून माझ्यापुढे उभ्या. दोघींच्या निबंधावर अक्षरशः तोच शेरा, स्वल्पविरामासकट. एक म्हणाली, "मॅडम, हे तुम्ही लिहिता की कॉम्प्युटर लिहितो?" प्रश्न भोचक नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. मला मात्र काही उत्तर सुचलं नाही. ती बँक अजून आहे, पण आता तिच्यात फक्त तांत्रिक गोष्टी ठेवल्यात: फोनवर शेरा कसा उघडायचा, उत्तर कुठे लिहायचं, दुरुस्तीनंतर पुन्हा जमा कसं करायचं. 'विषयाला धरून लिही' मी काढून टाकला. का, ते पुढे येईल.

गुणांचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यात चिवट. मुलं फाइल उघडतात, गुण बघतात, फाइल बंद. तीन शेरे लिहा नाहीतर तीनशे. रूथ बटलर यांचा १९८८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात काही मुलांना फक्त शेरे दिले, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं. दोन्ही मिळालेल्यांची गत मात्र फक्त गुण मिळालेल्यांसारखीच झाली. म्हणजे गुण शेजारी असला की शेरा असून नसल्यासारखा. हे वाचल्यावर मी ठरवलं की पहिल्या फेरीत गुण द्यायचेच नाहीत. क्लासरूममध्ये गुणाचा रकाना रिकामा ठेवूनही काम परत करता येतं. परत केलं की लिहिण्याचा हक्क मुलाकडे जातो. एरवी जमा केलेलं काम त्याने स्वतःहून मागे घेतलं नाही, तर परत मिळेपर्यंत त्याला स्वतःच्या फाइलमध्ये काही बदलता येत नाही, आणि 'मॅडम, माझ्याकडे टाइपच होत नाहीये' असे निरोप येतात त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मुलाने दुरुस्ती करायची, प्रत्येक शेऱ्याखाली आपण काय केलं ते एका ओळीत लिहायचं, पुन्हा जमा करायचं. मग गुण.

पहिल्या दिवशी ३० तरी निरोप आले असतील. सगळ्यांचा मजकूर एकच: 'मार्क दिसत नाहीत.' दोन पालकांचे फोन. एका सहकाऱ्याने स्टाफरूममध्ये 'तू स्वतःचं काम दुप्पट करून घेतेयस' असं ऐकवलं, आणि ते खोटं नव्हतं. पहिल्या फेरीला आता ७-८ मिनिटं लागतात, दुसऱ्या फेरीला ३-४, कारण दुसऱ्यांदा मी फक्त बदललेल्या जागा बघते. बेरीज केली तर पुन्हा १०-१२ मिनिटंच. वेळ वाचला का? नाही. पण आता दुसऱ्या फेरीला उघडते तेव्हा बघण्यासारखं काहीतरी असतं.

शेऱ्याखाली मुलाने उत्तर लिहायची अट मला फार कामाची वाटते. 'रिझॉल्व्ह' नावाचं बटण आहे, ते दाबलं की शेरा पानावरून नाहीसा होतो, पुन्हा बघायचा तर इतिहासात जाऊन शोधावा लागतो. मुलांसाठी ते जादूचं बटण. काही न करता दाबलं तरी पान स्वच्छ दिसतं. म्हणून आमचा नियम असा की रिझॉल्व्ह मी करणार, तुम्ही उत्तर लिहायचं. उत्तरं कशीही असोत, वाचायला मजा येते. 'केलं.' 'केलं पण मला जुनंच बरं वाटतं.' एकाने लिहिलं, 'तुम्ही म्हणता ते समजलं नाही म्हणून तो परिच्छेदच काढला.' हे सगळ्यात प्रामाणिक उत्तर होतं. शेरा मीच पुन्हा लिहिला.

शुद्धलेखनाचा गोंधळ सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एकेक शब्द दुरुस्त करायचा नाही असं ठरवल्यावर मी एका मुलाला सगळ्यांचा मिळून एकच शेरा लिहिला: 'मराठी शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी आणि उकार दीर्घ असतात. तुझ्या निबंधात असे अकरा शब्द चुकले आहेत. मी खूण केलेली नाही, तू शोध.' मी स्वतःवर बेहद्द खूश. दोन दिवसांनी निबंध आला. त्याने नऊ शोधले होते. नऊ! शेऱ्याखाली उत्तर: 'केलं, आणखी पण सापडले.' ते आणखी कोणते म्हणून बघते तर निबंधातला प्रत्येक 'आणि' आता 'आणी' झाला होता. 'परंतु'चा 'परंतू'. नियम मी सांगितला होता आणि त्याने तो शेवटापर्यंत पाळला होता. अपवाद सांगायचे राहिले होते माझ्याकडून. हे काम त्याने 'शोधा आणि बदला' वापरून एका झटक्यात केलं असणार, कारण एकही 'आणि' सुटला नव्हता. मी खाली लिहिलं, 'चूक माझी. आणि, नि, परंतु, तथापि यांना सोड.' त्याचं उत्तर आलं, 'आधी सांगायचं ना मॅडम.' बरोबर आहे.

व्हर्जन हिस्टरीने मला एकदा तोंडावरही पाडलं. एका मुलाचा निबंध नेहमीपेक्षा फारच सफाईदार होता. हिस्टरी उघडली तर सगळा मजकूर एकाच क्षणी आलेला. टाइप केल्याची खूणच नाही, सरळ कुठून तरी आणून चिकटवलेला. मी खासगी कमेंटमध्ये लिहिलं, 'हा निबंध तुझा आहे का?' त्याने काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी वही घेऊन आला. पाच पानं, खाडाखोड, बाणांनी वर-खाली हलवलेली वाक्यं. घरी नेट सारखं जातं म्हणून तो आधी वहीत लिहितो, मग फोनच्या नोट्समध्ये टाइप करतो आणि नेट आलं की एकदम चिकटवतो. वही टेबलावर ठेवून तो नुसता उभा राहिला. मी माफी मागितली, वर्गासमोर नाही, पण मागितली. आता मजकूर एकदम आलेला दिसला तर मी विचारते, 'हे आधी कुठे लिहिलं होतंस? दाखवशील?' बऱ्याचदा काहीतरी दाखवायला असतं. नसतं तेव्हा मुलाचा चेहराच सांगतो.

त्यानंतर मी वर्गाला स्पष्ट सांगून टाकलं की तुम्ही खोडलेलंही मला दिसू शकतं. सांगणं गरजेचं होतं. कुणाच्या कच्च्या कागदांच्या टोपलीत हात घालतोय आणि त्याला ठाऊकच नाही, हे मला बरं वाटत नव्हतं. लिहीत असताना मध्येच जाऊन बघणंही मी कमी केलंय. मी फाइल उघडली की वरच्या कोपऱ्यात माझ्या नावाचं वर्तुळ उमटतं, आणि पलीकडचा कर्सर जागच्या जागी थिजतो. कुणीतरी पाठीमागे येऊन उभं राहिल्यावर आपलंही तसंच होतं.

तरी एकदा बघितलं, आणि ते बरं झालं असं म्हणायचं की नाही हे अजून ठरत नाही. विषय होता 'हरवलेली वस्तू'. मंगळवारी रात्री, कुणी किती लिहिलंय याचा अंदाज घ्यायला, मी पाचसहा फाइल वरवर चाळल्या. त्यात एका अबोल मुलीची होती. ती छत्रीबद्दल लिहीत होती. एक ओळ डोक्यात राहिली, पावसाची काहीतरी. शुक्रवारी तिने निबंध जमा केला. सुरुवात अशी: 'वस्तू हरवणे ही मानवी जीवनातील एक सामान्य घटना आहे.' मग वस्तू हरवण्याची कारणं. मग आपण काय काळजी घ्यावी. छत्री होती, पण एका वाक्यात, उदाहरण म्हणून. पावसाची ओळ गायब.

मी हिस्टरी उघडली, बाणावर बाण दाबत मंगळवारपर्यंत मागे गेले. रात्री १० वाजून ४७ मिनिटांनी तो परिच्छेद तिथे होता. बुधवारी सकाळच्या नोंदीत त्यावर आडवी रेघ. तिने लिहिलं होतं की छत्री ताईची होती, न विचारता नेली होती, हरवल्याचं घरी सांगितलं नाही. 'पाऊस आला असता तर ताईने छत्री मागितली असती. म्हणून पाऊस येऊ नये म्हणून मी तीन दिवस आभाळाकडे बघत होते. चौथ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं.' इतकंच. पाच ओळी.

मी तीन शेऱ्यांचा नियम तिथे बाजूला ठेवला आणि एकच लिहिला, तोही खासगी कमेंटमध्ये: 'मंगळवारी रात्री तू छत्रीचा एक परिच्छेद लिहिला होतास, तो बुधवारी काढलास. मला तो सगळ्यात जास्त आवडला होता. का काढलास?'

उत्तर यायला दोन दिवस लागले.

'मॅडम, तुम्ही मागच्या वेळी लिहिलं होतं की विषयाला धरून लिही.'

मी तिचा मागचा निबंध उघडला. होता. बँकेतला शेरा, जसाच्या तसा. आणखी किती जणांना तो टाकला होता म्हणून बघितलं, नऊ जणांना. तिच्या त्या निबंधात विषय सोडून नेमकं काय होतं, ते मी दोनदा वाचूनही मला सापडलं नाही. रात्र झाली असेल, यादीत तो पहिला दिसला असेल, टाकला असेल.

मी तिला एवढंच लिहिलं की तो शेरा मी नीट न वाचता टाकला होता, आणि जुना परिच्छेद हवा असेल तर व्हर्जन हिस्टरीत कुठे सापडेल. मग काम परत केलं. गुणाचा रकाना रिकामा.

सोमवारी दुसरी फेरी आली. मानवी जीवन गेलं होतं, काळजी घेण्याचे उपायही गेले होते. पहिलंच वाक्य आभाळाचं होतं. परिच्छेद मंगळवारच्यापेक्षा लांब होता, ताई आता दारात उभी राहून 'छत्री कुठाय गं?' असं विचारत होती. खाली तिचा एक ओळीचा प्रश्न: 'आता विषयाला धरून आहे का?'

मी 'आहे' असं लिहिलं. त्या पानावर 'कि' दोनदा आला होता आणि 'पाऊस'चा 'पाउस' झाला होता. कर्सर तिथवर गेला, मी तो परत आणला. पुढच्या निबंधाला बघू.